जुन्या ट्रॅक्टरला रंग देण्यापूर्वी

सांगली-सातारा भागात उसाच्या वाहतुकीत वर्षानुवर्षे राबलेल्या ट्रॅक्टरवर चिखल, डिझेल आणि ग्रीस यांचा जाड थर बसलेला असतो, आणि नवशिक्याचा रंग बहुतेक वेळा या थराकडे दुर्लक्ष केल्यामुळेच सुटतो. आधी घासणे व नंतर धुणे हा क्रम चुकीचा आहे, कारण घासताना तेल पत्र्यावरच्या ओरखड्यांत शिरते. म्हणून यंत्र प्रथम तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच सैल गंज तारेच्या ब्रशने काढून ८० व पुढे १८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा घासावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. तेव्हा कोरडे घासून धूळ उडवण्यापेक्षा पाणी लावून घासावे, मास्क वापरावा आणि पत्रा लगेच पुसून कोरडा करावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये, त्याच दिवशी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) द्यावा.

मूळ छटा हवी असल्यास बॅटरीखालचा किंवा डॅशबोर्डमागचा, ऊन न लागलेला भाग पाहावा. चासी क्रमांक, रबरी नळ्या आणि रेडिएटरची जाळी झाकून घ्यावी.

सिंथेटिक इनॅमल रंगात एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचे) थिनर, म्हणजे रंग पातळ करायचे द्रव, मिसळू नये. डब्यावर सांगितलेलेच थिनर वापरावे. एकच जाड हात ओघळतो, त्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात, विशेषतः पाटण-जावळीच्या दमट हवेत, हे काम काढूच नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम, मात्र सकाळचे दव उडून पत्रा कोरडा झाल्यावरच सुरुवात करावी.