व्हॉल्वच्या हीटरला व्होल्टेज कमी पडतंय? या चुका टाळा

व्हॉल्व (काचेची व्हॅक्यूम ट्यूब) असलेल्या प्रीअँपचा, म्हणजे अँप्लिफायरच्या आधीच्या टप्प्याचा, आवाज बारीक झाला, जरा फाटायला लागला, की लोक आधी नवे व्हॉल्व मागवतात. वीट आलाय हे पाहून. व्हॉल्वमधली तापणारी तार, म्हणजे हीटर, नीट तापला नाही तर त्याच्या भोवतीच्या कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, मग व्हॉल्व कितीही महाग असो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हॉल्व काढून ट्रान्सफॉर्मरवर मोजणं. हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग त्याच्या वरच दाखवणार! कळंगुटचा एक मुलगा "६.८ येतंय, सप्लाय ठीक आहे" म्हणून अडून बसला होता. व्हॉल्व बसवले, पाच मिनिटं तापू दिले आणि सॉकेटच्या पिनांवर मोजलं. पहिल्या सॉकेटवर ६.२, शेवटच्यावर ५.४. मग मीटर एसीवरच ठेवून एक प्रोब हीटरच्या तारेच्या एका टोकाला, दुसरा त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला लावला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, पण अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं. सोल्डरचा डाग कच्चा होता. उरलेली घट सॉकेटच्या काळ्या पडलेल्या क्लिपांत. समुद्राची खारी हवा आणि आपला पावसाळा यांचं हे नेहमीचंच काम. जाड तार टाकली, डाग नव्याने दिले, क्लिपा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुईने आवळल्या. त्याने आणलेले नवे व्हॉल्व खोक्यातच राहिले. मी ६.० ते ६.६ च्या बाहेरचं काही चालवून घेत नाही. आणि हात घालण्याआधी प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज झालाय हे मीटरने बघा. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, तिथे घाई नको.

दुसरी चूक: "नऊ पिना आहेत ना, मग बसेल" म्हणत ईसीसी८८ या व्हॉल्वच्या जागी ईसीसी८३ हा वेगळा व्हॉल्व खोचणं. ईसीसी८८ ला ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर ६.३ व्होल्ट लागतात. ईसीसी८३ ला त्याच पिनांवर १२.६ हवेत, ६.३ वर चालवायचा तर ४ आणि ५ जोडून दुसरी बाजू ९ ला द्यावी लागते. तसाच खोचला तर हीटरला निम्मंच व्होल्टेज मिळतं. डेटाशीट उघडायला दोन मिनिटं लागतात.

हीटरला डीसी द्यायचा म्हणून ६.३ च्या वाइंडिंगवर ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि त्यापुढे ७८०६ हा ६ व्होल्टचा रेग्युलेटर लावू नका, रेग्युलेटरला वाव उरत नाही. ९ व्होल्टचं वाइंडिंग घ्या.

संध्याकाळीच त्रास होत असेल तर आधी भिंतीतला सॉकेट मोजा. २३० चे २०० झाले की ६.३ चे साडेपाच होतात. तिथे स्टॅबिलायझर लागतो.