‘बारा फुटी बिबट्या’चा फोटो आलाय? पुढे पाठवण्याआधी या चुका टाळा

रात्री नऊला गावाच्या ग्रुपवर फोटो पडतो. केळीच्या बागेत बैलाएवढा बिबट्या आणि खाली एवढंच, ‘वाघ उना (म्हणजे आला), सावध राहा’. मग रात्रीच्या विजेवर पाणी भरायची ज्याची पाळी, तो मोटारीकडे फिरकत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या गिरणाकाठची ही भीती पोकळ नाही. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. म्हणून फोटो नीट पारखायला हवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या नजरेने आकार ठरवणं. जनावर मोबाइलपासून एक मीटरवर आणि माणूस तीन मीटरवर असला, तर माणसाच्या मानाने जनावर तिप्पट दिसतं. मासे धरणारे हात पुढे ताणून मासा दाखवतात, तीच गोष्ट. मेलेल्या रानडुकराच्या मागे चार पावलांवर बसलं की डुक्कर म्हशीएवढं होतं. म्हणून आधी माणसाचे पाय शोधा. ते जमिनीला कुठे टेकलेत, सावली कुठे पडली आहे, हात खरोखर जनावराच्या अंगावर आहे का? पाय दिसतच नसतील तर आकाराच्या दाव्यावर विश्वास ठेवू नका. नर बिबट्या शेपटीसकट साधारण सात फूट, वजन 50 ते 70 किलो. बारा फूट कुठून आणायचे?

फोटो खरा म्हणजे माहितीही खरी, असं धरून चालणं ही दुसरी चूक. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 2004 मध्ये मारलेल्या ‘हॉगझिला’ डुकराचा फोटो जगभर फिरला. दावा 12 फूट आणि 1000 पौंडांचा होता. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी ते पुरलेलं डुक्कर उकरून तपासलं, तर सुमारे 8 फूट आणि 800 पौंड निघालं. फोटो बनावट नव्हता, मोजमाप फुगवलेलं होतं.

जनावर कोणतं, हेही बघा. ठिपक्यांच्या कड्यांच्या आत पुन्हा काळे ठिपके असतील तर तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार, आपला बिबट्या नव्हे. अजगर म्हणून अ‍ॅनाकोंडाही खपवतात. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, तेव्हा ‘पट्ट्यांचा की ठिपक्यांचा?’ हे आधी विचारा. मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या जंगलात पट्टेदार वाघ आहेतच.

एआयचं चित्र ओळखायला बोटं मोजत बसू नका, आता ती बरोबर येतात. त्यापेक्षा बाग बघा. ठिबकच्या नळ्या मध्येच मातीत विरतात का, घड भलत्याच जागेतून फुटलाय का? केळी पिकवणाऱ्याच्या नजरेला हे लगेच खटकतं. फोटोवरून फोटो शोधणाऱ्या गुगल लेन्सवर तोच फोटो जुन्या तारखेचा, दुसऱ्या गावचा निघाला तर प्रश्न मिटला. सापडला नाही म्हणून मात्र खरा ठरत नाही.

आणि फोटो खोटा निघाला म्हणून शिवारात बिबट्या नाहीच, असं समजू नका. सकाळी दोघं-तिघं मिळून बांधावर ठसा शोधा. शेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 9 सेंटिमीटर रुंद असतो, पट्टेदार वाघाचा बहुधा 11 च्या पुढे. ओल्या चिखलात ठसा पसरतो, त्यामुळे घट्ट मातीतला निवडा. तो फोटो आणि जागा वनरक्षकाला कळवा, किंवा वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा.