वेबपानावर चिन्हं लावताना या चुका टाळा

नवशिके आधी फुकटच्या चिन्हांचा गठ्ठा उतरवून घेतात आणि मजकूर मागाहून लिहितात. इथूनच बिघडायला सुरुवात होते.

नुसत्या रंगावर विसंबू नका. फोंड्याजवळच्या एका खाणावळीचा मेनू मी केला होता. नावांपुढे फक्त ठिपके: हिरवा शाकाहारी, तपकिरी मांसाहारी. मंगेशीचं दर्शन घेऊन आलेल्या एका माळकरी काकांनी मोबाइलवर पाहून किसमूर मागवली. घाटावरच्या माणसाला नावावरून काय कळणार? त्यांना वाटलं, ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर. ठिपका त्यांनी पाहिला होता, पण हिरवा आणि तपकिरी रंग त्यांना सारखाच दिसतो. पहिल्याच घासाला सुकं सुंगट, म्हणजे सुकी कोळंबी, दाताखाली आलं. काका एक अक्षर बोलले नाहीत, गळ्यातल्या माळेला हात लावून ताटावरून उठले. मालकाने मला तो ठिपका दाखवला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत मांसाहाराची खूण गोलाऐवजी चौकटीतला तपकिरी त्रिकोण झाली, ती अशाच लोकांसाठी. रंग गेला तरी आकार सांगतो. मी आता खुणेशेजारी ‘शाकाहारी’ हा शब्दही लिहितो आणि पान सोपवण्याआधी फोन कृष्णधवल करून ते पुन्हा बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. ‘घाई होती’ हे कारण मला पटत नाही.

भाषा निवडायच्या बटणावर झेंडा लावू नका. झेंडा देशाचा असतो. हिंदीला तिरंगा दिलात, तर मराठी-कोकणीला काय देणार? १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत गोव्यात भाषेवरून किती रण माजलं होतं! इथे तर हा खेळ नकोच. भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी वाचणाऱ्यासाठी रोमीत.

मेनू उघडणाऱ्या बटणावरच्या तीन आडव्या रेघा डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढल्या. त्या सगळ्यांना कळतात असं अजूनही धरू नका. खाली ‘मेनू’ लिहा.

₹ हे चिन्ह २०१० चं. जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसतो, म्हणून जुन्या फोनवर तपासा.

बटण बोटाला सापडायला हवं. मी ४४ पिक्सेलच्या खाली जात नाही.

चिन्हाला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी कोडमध्ये लिहिलेले शब्द. पण शेजारी शब्द असेल तर पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, नाहीतर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘फोन फोन’ असं दोनदा वाचतो.