ठाणे खाडीत आणि पुढे समुद्रात मासेमारीसाठी जुनी छोटी होडी घेताना

जुनी होडी घ्यायची तर दोनदा बघावी. पहिल्यांदा ओहोटीला, ती चिखलात किंवा काठावर कोरडी पडलेली असताना, आणि दुसऱ्यांदा भरतीला, माणसं आणि वजन भरून पाण्यात. नवीन घेणारे बहुतेक जण फक्त तरंगती होडी बघतात, एक चक्कर मारतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. पण होडीचं दुखणं असतं ते पाण्याच्या रेषेखाली आणि फळीच्या आत, आणि ते तरंगत्या होडीत दिसत नाही.

दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी जमतात. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास लागते. खाडीत जसजसं वर ठाण्याकडे जाल तसा थोडा उशीर धरा. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी पहाटे सहाला दिवाळे, सारसोळे किंवा वाशी गावाच्या धक्क्यावर पोहोचलात तर होडी कोरडी सापडेल, आणि बाराला तीच होडी पाण्यात चालवून बघता येईल. शिवाय उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची) ओढ जोरात असते, त्यामुळे मशीनची, म्हणजे मागे टांगलेल्या इंजिनाची ताकदही तेव्हाच खरी कळते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, यातलं काही नीट होत नाही.

त्याआधी एक गोष्ट ठरवा: कुठल्या पाण्यात धंदा करणार? चेंदणी, ऐरोली, घणसोली, वाशी हा वरचा पट्टा उथळ आणि चिखलाचा आहे. तिथे पाग (फेकायचं जाळं), कांडाळ (पाण्यात उभं लावायचं जाळं) आणि चिंबोरीचे फग (खेकडे धरायचे सापळे) टाकणाऱ्याला १८ ते २२ फुटांची, जवळजवळ सपाट तळाची होडी लागते, जी मशीन वर उचलल्यावर फूटभर पाण्यातही सरकेल. बेलापूर, दिवाळेवरून खाली घारापुरीच्या पुढे किंवा करंजाच्या बाजूला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लाट येते, मोठ्या जहाजांच्या मागची उसळी येते, आणि सपाट तळाची होडी प्रत्येक लाटेवर आपटत राहते. त्यासाठी नाळ (होडीचं पुढचं टोक) उंच, तळ पुढून टोकदार आणि काठ उंच असलेली, २४ फूट किंवा त्याहून मोठी होडी बघा. दोन्ही कामं करील अशी एक होडी शोधत बसू नका. तडजोडीची होडी चिखलात रुतते आणि समुद्रात भिजवते.

लाकडी की फायबर (काचेच्या धाग्यांची आणि रेझिनची), हा प्रश्न नव्या माणसासाठी आमच्या मते सुटलेला आहे. फायबर घ्या. लाकडी होडी वाईट म्हणून नव्हे, तर तिला दरवर्षी हात लावणारा सुतार आपल्या ओळखीचा असावा लागतो आणि असे सुतार आता गावोगाव राहिलेले नाहीत. तरी लाकडीच मिळत असेल तर पठाणाजवळच्या (तळाच्या मधल्या कण्याजवळच्या) आणि पाण्याखालच्या फळ्यांवर जाड टोच्या घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर टोचत जा. चांगलं लाकूड टोच्याला परतवतं, सडलेलं आत घेतं. समुद्री किडीचं भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं आणि आत फळीभर बोगदा असतो, म्हणून भोकांचा पुंजका दिसला तर ती फळी गेली असं धरा. खिळ्यांच्या डोक्याभोवती काळे-तांबडे डाग म्हणजे खिळा आत झिजलाय. बरेच दिवस कोरडी राहिलेली लाकडी होडी पाण्यात टाकल्यावर गळते, ते स्वाभाविक आहे. एक-दोन दिवसांत लाकूड फुगून फटी मिटतात. तिसऱ्या दिवशीही गळत असेल तर फटींतला कापूस आणि राळ नव्याने भरावी लागणार.

आता फायबर. सगळे म्हणतात फायबर सडत नाही. फायबर सडत नाही हे खरं, पण त्याच्या पोटातलं प्लायवूड सडतं. होडीचा मागचा तक्ता, ज्यावर मशीन टांगतात, तो आतून प्लायवूडचा आणि वरून फायबरचा असतो. मशीनचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, कड्यांचे स्क्रू यांच्या बाजूने पाणी आत झिरपतं आणि कित्येक वर्षं प्लायवूड आतल्या आत कुजत राहतं. बाहेरून रंग चकाचक असतो.

म्हणून पहिला वेळ या तक्त्याला द्या. मशीन खाली तिरकं करून त्याच्या पायावर (पंखा असलेल्या खालच्या भागावर) भार देऊन दाबा, सोडा, दाबा. तक्ता आणि तळ जिथे जुळतात तिथे बोट ठेवलंत तर हालचाल जाणवेल. केसाएवढी हालचालही चालत नाही. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तक्ता आडवा-उभा ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी आवाज भद्द होतो. शेवटी मालकाला विचारून मशीनचा खालचा एक बोल्ट काढायला लावा आणि भोकात वाकवलेली तार फिरवून बाहेर काढा. तारेला कोरडा, फिकट भुसा लागला तर ठीक. काळा, ओला, कुबट वासाचा लगदा आला तर तक्ता बदलायचा आहे. बोल्ट काढायला नकार देणाऱ्या मालकाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

तक्ता सडला म्हणून सौदा मोडायलाच हवा असं नाही. तक्ता बदलता येतो, तो खर्च किमतीतून वजा करा. सौदा मोडायचा तो तळाच्या आतल्या लांब पट्ट्या सुटल्या असतील तर. होडीला आकार देणाऱ्या त्याच, आणि त्या दुरुस्त करायला आतली सगळी जमीन उखडावी लागते. आतल्या फळीवर टाचेने चालत जा. जिथे पायाखाली दबतं तिथे खाली पट्टी सुटलीय किंवा कुजलीय. बसायच्या फळ्यांखाली फोम भरलेला असेल तर तोही पाणी धरतो. होडी तिच्या मापाला जड वाटली, चार माणसांना हलेनाशी झाली, तर फोमने पाणी प्यायलंय हे नक्की.

बाहेरून बघताना चिखलात आणि काँक्रीटच्या धक्क्यावर ओढलेल्या होडीचा तळाचा मधला कणा आधी बघा. वरचा गुळगुळीत थर घासून आतली काचेची जाळी उघडी पडली असेल तर तिथून पाणी शिरतं. पाण्याच्या रेषेखाली फोड आले असतील तर एक फोडून बघा. आंबट, व्हिनेगरसारखा वास असलेलं पाणी निघालं तर ते थरात मुरलेलं आहे. उन्हाने पांढरट, खडूसारखा झालेला रंग मात्र अजिबात मनावर घेऊ नका, तो नुसता वरचा आहे. आमचा संशय जास्त असतो तो विकायच्या आदल्या आठवड्यात रंगवलेल्या होडीवर. आकार तपासायला एक सुतळी पुरे: नाळेच्या मध्यापासून मागच्या तक्त्याच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरं मोजा. इंचाहून जास्त फरक निघाला तर होडी पिळली आहे. ती सरळ चालणार नाही, सुकाणू कायम एका बाजूला धरावं लागेल.

छोटं छिद्र किंवा तडा असेल तर घाबरू नका, पण दुरुस्ती कशी झालीय ते बघा. वरून नुसती पट्टी चिकटवलेली दुरुस्ती सुटते. तड्याभोवतीची जागा जाडीच्या बारापट रुंद, उतरती घासावी लागते. ६ मिलिमीटर जाडीला चारही बाजूंनी सुमारे ७० मिलिमीटर. मग काचेच्या मॅटचे थर लहानापासून मोठ्यापर्यंत चढवायचे. एक किलो रेझिनला १० ते २० मिली हार्डनर, आणि मे महिन्याच्या उन्हात कमीच, नाहीतर थर बसायच्या आधी ते डब्यातच घट्ट होतं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर.

मशीन. पोहोचल्या पोहोचल्या हाताने झाकण चाचपा. गरम लागलं तर मालकाने तुमच्या आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड मशीन सहज चालू होत नाही. गार होईपर्यंत थांबा. पायाकडच्या गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी जड असल्याने आधी तेच बाहेर येतं. स्वच्छ तेल आलं तर सील शाबूत, दुधाळ चहासारखं आलं तर सील गेलं. दोन सिलिंडरचं मशीन असेल तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावून दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या आत आहे का बघा. मशीनवरचा नंबर खरवडलेला नाही ना, आणि तो कागदांवरच्या नंबराशी जुळतो ना, हेही तिथेच तपासा, कारण चोरीची मशीनं फिरत असतात.

मशीनच्या पायाची लांबी होडीला जुळली पाहिजे. आखूड पायासाठी तक्त्याची उंची साधारण १५ इंच, लांब पायासाठी २० इंच. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि मशीन नुसतंच किंचाळतं. जास्त खाली गेली तर वेग मरतो आणि आपल्या खाडीत पंखा आधी चिखलाला लागतो.

इथल्या पाण्यात मशीन मरतं ते बहुधा गरम होऊन. पाणी गाळाचं, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. गाळ पंपातल्या रबरी इम्पेलरला घासून खातो, पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसते. म्हणून मशीन चालू असताना मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर सतत नजर हवी. धार बारीक झाली की मशीन बंद, पाय वर, जाळी साफ. जुनं मशीन घेतल्यावर इम्पेलर कसाही असो, बदलूनच टाका, आणि पुढे दर मोसमाच्या सुरुवातीला. घरी आल्यावर गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं चालवा. टू-स्ट्रोक मशीनला ५०:१ मिश्रण असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल, अंदाजाने नाही तर मापाने. रॉकेलवर चालणारं मशीन पेट्रोलवर चालू करतात आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणतात, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहून दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखतात.

आता भरतीची फेरी. होडीत चार माणसं आणि जाळ्याच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या घ्या, आणि वजन ओल्या जाळ्याचं धरा, कोरड्याचं नाही. काठ पाण्यापासून किमान फूटभर वर राहिला पाहिजे. दोघांनी एकाच बाजूला उभं राहून बघा, होडी झुकून थांबली पाहिजे, झुकतच जाता कामा नये. तासभर चालवा. उधाणाच्या ओढीविरुद्ध पूर्ण ताकदीने, मग ओढीबरोबर, दोन्ही वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघून सरासरी काढा. ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण ताकदीवर तासाला साधारण चार-पाच लिटर पितं. तुमच्या जाळ्यापर्यंत जाऊन येण्याचा रोजचा खर्च त्यावरून काढा. जोरात वळण घ्या आणि एकाने मागच्या तक्त्याचे कोपरे बघत राहावं, तडा उघडमीट करत असेल तर तिथेच दिसेल. मशीन गरम असतानाच बंद करून पुन्हा चालू करा. परत आल्यावर तळात पाणी किती जमलं ते बघा. फायबरच्या होडीत थेंबही नको, लाकडी होडीत बादलीभर चालतं. फेरी मारताना ट्रॉम्बेच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किनाऱ्याजवळ जाऊ नका, तिथे मनाई आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत काय चालतं हे वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून आधी विचारून घ्या.

खरेदीसाठी मे महिन्याची अखेर उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या पावसाळ्यासाठी शाकारून (झाकून) ठेवायच्या आधी मालक विकायला तयार असतो आणि चालवून बघण्याइतके दिवसही हातात असतात. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर सगळ्यांनाच होडी हवी असते, तेव्हा भाव मालक सांगेल तो.

किंमत ठरवताना एकूण पैशाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. इम्पेलर, पेट्रोलची नळी, गिअर ऑइल, स्पार्क प्लग, माणशी एक लाइफ जॅकेट, दोन वल्ही, आग विझवायचा छोटा सिलिंडर यांत तो जातोच. नांगर चिखलाचा घ्या, रुंद पात्याचा, आणि दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट: २० फूट पाण्याला १०० फूट. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर होडीवरच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

कागदांत घाई केली तर होडी चांगली असूनही धक्क्यावर बांधून ठेवावी लागते. नोंदणी प्रमाणपत्रावर आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर होडीवर रंगवलेल्या नंबराशी जुळतो का बघा. प्रमाणपत्रातली लांबी-रुंदी टेपने मोजून पडताळा. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा परवाना वेगळा असतो आणि होडी विकली म्हणजे तो आपोआप तुमच्या नावावर होत नाही, त्यासाठी सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. होडीवर बँकेचं, संस्थेचं किंवा राष्ट्रीय सहकारी विकास निगमाचं कर्ज आहे का, हे लेखी विचारा आणि मालकाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागा. तुम्ही स्वतः कुठल्या संस्थेचे सभासद होणार हेही आधीच बोलून ठेवा, कारण डिझेल, योजना आणि धक्क्यावरची जागा यांचा बराचसा रस्ता संस्थेतूनच जातो.

व्यवहार स्टॅम्प पेपरवर, होडीचा आणि मशीनचा नंबर वेगवेगळा लिहून, दोन साक्षीदारांसमोर करा. रकमेचा शेवटचा हप्ता नोंदणी तुमच्या नावावर चढेपर्यंत देऊ नका, आणि विमा तुमच्या नावाने सुरू होईपर्यंत होडी जाळं टाकायला बाहेर काढू नका.