नव्या बोल्ट-ॲक्शन रायफलीला जुना ट्रिगर कसा बसवावा

रेमिंग्टन ७०० ही बोल्ट-ॲक्शन रायफल (हाताने मूठ उचलून मागेपुढे सरकवायच्या बोल्टने काडतूस भरणारी) १९६२ साली बाजारात आली आणि तिच्या रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर धरणाऱ्या सांगाड्याचा, नमुना पुढे इतर अनेक कारखान्यांनी उचलला. त्यामुळे जुन्या रायफलीतून काढलेला टिमनी किंवा ज्युवेलसारख्या कंपनीचा बदली ट्रिगर याच घराण्यातल्या आजच्या रिसीव्हरला बसवण्याची इच्छा अमेरिकेत पुष्कळांना होते. दोन पिना काढा, दोन पिना घाला, अर्ध्या तासाचे काम आहे, असे त्यांना हमखास सांगितले जाते. हा सल्ला अपुरा आहे आणि अपुरेपणामुळेच धोक्याचा आहे. पिना बसल्या म्हणजे ट्रिगर रिसीव्हरला लटकला, एवढेच सिद्ध होते. तो बसला की नाही, हे कॉकिंग पीस (काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिनचे मागचे टोक), सिअर (त्या टोकाला अडवून धरणारा खटका) आणि सेफ्टी (सुरक्षेची कळ) या तिघांच्या परस्परसंबंधावर ठरते.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. तेथे हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

रेमिंग्टन कारखान्याचा मूळचा फार जुना ट्रिगर मात्र मी नव्या रायफलीला बसवत नाही. त्याच्या आत ट्रिगरला न जोडलेली, नुसती टेकून राहणारी कनेक्टर नावाची पातळ पट्टी असते. तिच्या आणि ट्रिगरच्या मध्ये कचरा अडकला, तर सिअरचा आधार कमी होतो. शिवाय १९८२ पूर्वीच्या रचनेत सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो, म्हणजे काडतूस काढण्यासाठी सेफ्टी सोडावी लागते. कनेक्टर नसलेला बदली ट्रिगरच घ्यावा.

रायफल रिकामी करावी, चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) बोट घालून खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नव्या रायफलीचा मूळ ट्रिगर काढण्यापूर्वी एक माप अवश्य घ्यावे, कारण नंतर ते मिळत नाही: बोल्टच्या मागच्या टोपीच्या कडेपासून कॉकिंग पीसचे टोक किती आत आहे, हे व्हर्नियर कॅलिपरच्या खोली मोजणाऱ्या दांडीने एकदा कॉक केलेल्या (पिन मागे ताणलेल्या) आणि एकदा सुटलेल्या स्थितीत मोजावे. या दोन मापांतला फरक म्हणजे फायरिंग पिनची धाव. तो आकडा लिहून ठेवावा.

लाकडी दस्ता उतरवावा, पिना पितळी पंचाने ठोकून काढाव्यात. बोल्ट-स्टॉपची (बोल्ट मागे निघून येऊ न देणाऱ्या अडसराची) स्प्रिंग उडते, तिच्यावर फडके धरावे. नव्या रिसीव्हरचा बोल्ट-स्टॉप डाव्या बाजूला स्वतंत्र असेल, तर जुन्या ट्रिगरपुढची बोल्ट सोडण्याची पट्टी निरुपयोगी असते. ती काढून टाकावी. जुन्या ट्रिगरमध्ये वाळलेल्या तेलाचा चिकटा असतो. तो लायटरच्या इंधनाने, उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर, धुऊन काढावा आणि आत पुन्हा तेल मुळीच घालू नये. थंडीत तेल घट्ट होते आणि धूळ धरून ठेवते.

आता मुख्य टप्पा. ट्रिगर लावून, दस्ता न चढवता, बोल्ट सावकाश बंद करावा. मूठ खाली येताना शेवटी जड लागली, तर सिअरचा पृष्ठभाग जरा मागे येत आहे आणि तुम्ही बोल्ट ढकलताना फायरिंग पिनची स्प्रिंगही दाबत आहात. याउलट मूठ खाली जाताना कॉकिंग पीस पुढे सरकून मग सिअरवर टेकत असेल, तर सिअर फार पुढे आहे. पिनची धाव कमी होते आणि काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका पडतो. लिहून ठेवलेला आकडा येथे कामाला येतो. फरक जाणवण्याइतका असेल, तर तो ट्रिगर त्या रायफलीचा नव्हे, हे मान्य करावे. सिअरला कानस लावू नये. कठीण केलेला वरचा थर एकदा गेला, की ती धार थोड्याच दिवसांत झिजते आणि कोणत्या दिवशी सुटेल याचा भरवसा राहत नाही.

सेफ्टीची परीक्षा याहून महत्त्वाची आहे. रेमिंग्टनच्या रचनेत सेफ्टी मागे घेतली, म्हणजे लावली, की ती सिअरला किंचित उचलते, त्यामुळे ट्रिगर ओढला तरी तो सोडताच परत सिअरखाली येऊ शकतो. हे उचलणे अपुरे पडले, तर ट्रिगर परत जागेवर येत नाही आणि सेफ्टी पुढे करताच पिन सुटते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. दस्त्याबाहेर सगळ्या परीक्षा उत्तम झाल्या, मी दस्ता चढवून स्क्रू आवळले आणि सवयीने पुन्हा एकदा सेफ्टी मागे घेऊन ट्रिगर जोराने ओढला व सोडला. मग अंगठ्याने सेफ्टी पुढे सारली आणि रिकाम्या चेंबरवर स्वच्छ ‘कट्’ असा आवाज आला. ट्रिगरला माझे बोट लागलेलेही नव्हते. सेफ्टीचा दांडा लाकडाला घासत होता आणि पूर्ण मागे जातच नव्हता. दस्त्यातून दीड मिलिमीटर लाकूड काढल्यावर दोष गेला. काडतूस आत असते तर काय झाले असते, हे मी आजही विसरलेलो नाही. म्हणून ही परीक्षा दस्ता चढवून, स्क्रू पूर्ण आवळून, किमान पंचवीस वेळा करावी. एकदाही आवाज आला, तर रायफल खाली ठेवावी आणि कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

त्याच स्थितीत बोल्ट वीसेक वेळा जोराने आपटून बंद करावा, कॉक करून दस्त्याचे बूड रबरी चटईवर आपटावे आणि रिसीव्हरच्या सर्व बाजूंना रबरी हातोड्याने ठोके द्यावेत, सेफ्टी लावून आणि सोडूनही. पिन सुटता कामा नये.

ट्रिगरचे वजन सगळ्यांत शेवटी लावावे. शिकारीच्या रायफलीला तीन पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० ग्रॅमच्या खाली मी जात नाही. थंडीत, हातमोजे घातलेल्या बोटाला त्याहून हलका ट्रिगर समजत नाही. सिअरची पकड ठरवणारा स्क्रू तर वजन कमी करण्यासाठी कधीच फिरवू नये. स्क्रूंच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब पुरतो, पातळ गोंद नको. २०१४ साली रेमिंग्टनने मे २००६ पासून एप्रिल २०१४ पर्यंत बनलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या, त्या जोडणीत चिकटद्रव्य जास्त झाल्याच्या कारणानेच.

पहिल्या वीस गोळ्या नेमबाजीच्या मैदानावर एकेक काडतूस भरूनच झाडाव्यात. प्रत्येक रिकाम्या काडतुसाच्या टोपीवरचा खळगा पाहावा, घरी आल्यावर सेफ्टीची परीक्षा पुन्हा करावी आणि दस्ता उतरवून लाकडावर घासल्याची नवी खूण उमटली आहे का, ते पाहावे.