आगावर रोजचा स्वयंपाक कसा करावा

इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं घर भाड्यानं घेतलं की स्वयंपाकघरात कपाटाएवढी एक एनॅमलची चूल मिळण्याची बरीच शक्यता असते. तिचं नाव आगा. दोन ओव्हनची धाकटी आगासुद्धा चारशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे ती कुणी हलवत नाही. घराबरोबर पदरी येते. आमच्याही अशीच आली. पहिला आठवडा मी तिच्यावर गॅस बारीक करायचं बटण शोधत होते. ते नसतंच.

गुस्ताफ डालेन या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९२२ मध्ये ही चूल तयार केली. दीपगृहांच्या दिव्यांसाठी स्वयंचलित नियामक शोधल्याबद्दल त्याला १९१२ चं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्याची दृष्टी गेली. त्याच्या चुलीची कल्पना साधी: आत एक छोटा बर्नर अखंड जळतो, ती ऊब जाडजूड बीड साठवून ठेवतं आणि आपण त्या साठ्यातून खर्च करतो. आपल्याकडच्या चुलीचा वैल आठवा. उकळी चुलीवर आणायची आणि पातेलं वैलावर सरकवायचं. गॅसवर आच कमी-जास्त करतो, इथे भांडं हलवायचं.

१. जागा ओळखा

वर दोन गोल झाकणं दिसतात. डावीकडची बॉइलिंग प्लेट रणरणती, उजवीकडची सिमरिंग प्लेट मंद. उजव्या अंगाला दोन दारं: वरचा रोस्टिंग ओव्हन साधारण २४० अंशांवर, खालचा सिमरिंग ओव्हन शे-सव्वाशेवर. पुढच्या बाजूला उष्णता दाखवणारा काटा असतो. सकाळी तो मधल्या काळ्या रेघेवर असला म्हणजे साठा भरलेला आहे.

२. झाकण मिटायची सवय लावा

प्लेट वापरून झाली की झाकण लगेच खाली. उघड्या प्लेटवाटे ऊब भराभर जाते. जुन्या जाणत्या बायका सांगतात की ऐंशी टक्के स्वयंपाक ओव्हनमध्ये आणि वीस टक्केच वर करावा. फोडणीवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण पाहुणे आल्यावर पटतं. दहा माणसांच्या पोळ्या वरच लाटत-भाजत बसलात तर शेवटच्या दहा पांढऱ्याफटक निघतात. म्हणून मोठ्या जेवणाची उसळ-भाजी आदल्या दिवशीच करून ठेवायची.

३. भांडी बदला

सपाट आणि जाड बुडाचीच भांडी चालतात. पुण्याहून वाहून आणलेली माझी कढई माळ्यावर गेली; गोल बूड प्लेटला टेकतं ते रुपयाएवढं. पातळ ॲल्युमिनियमची पातेली वाकतात. बिडाचा सपाट तवा मात्र इथे खुलतो.

४. भात आणि आमटीपासून सुरुवात करा

दोन वाट्या धुतलेला बासमती, तीन वाट्या पाणी, मीठ. बॉइलिंग प्लेटवर खळखळून उकळी आणा, घट्ट झाकण लावा आणि पातेलं सिमरिंग ओव्हनमध्ये सारा. १५ ते १८ मिनिटांत भात मोकळा होतो आणि बुडाला लागत नाही. आमटीचंही तेच: फोडणी वर, उकळी वर, बाकी आत. वाटणाचा कांदाही दोन मिनिटं वर परतून झाकण लावून आत ठेवला की वीसेक मिनिटांत लोण्यासारखा मऊ होतो.

एक गोष्ट मात्र पक्की पाळा. सिमरिंग ओव्हनमध्ये थंड किंवा कोमट भांडं ठेवायचं नाही, उकळी आलेलंच ठेवायचं. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळाखळा उकळल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो.

५. भाकरी

तवा आधी रोस्टिंग ओव्हनच्या तळावर दहा मिनिटं तापू द्या, मग बॉइलिंग प्लेटवर घ्या. भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली, इथवर सगळं नेहमीसारखं. तिसऱ्या वेळी ती तव्यावरून उचलून थेट रोस्टिंग ओव्हनच्या तळावर टाका आणि दार लावा. मिनिटभरानं उघडलं की टम्म फुगलेली असते, कडेला तपकिरी ठिपके उठलेले. निखाऱ्याचा वास येत नाही, हे कबूल. भरताचं वांगंही तेल लावून, टोचून याच ओव्हनमध्ये; साल सुरकुतून काळी पडली की झालं.

६. गजर लावा, नाकावर विसंबू नका

आमच्यासारख्या तेलावरच्या आगात ओव्हनमधला वास धुराड्यातून थेट बाहेर जातो. मी एकदा मूठभर शेंगदाणे भाजायला ठेवले आणि फोन आला. दुसऱ्या दिवशी वांगं ठेवायला दार उघडलं तर ताटलीत कोळशाचे मणी. आकार तसाच, बोट लावताच भुगा. घरभर कुणालाही वास आला नव्हता. तेव्हापासून खिशात टायमर असतो. असे जळके अवशेष रोस्टिंग ओव्हनमध्ये आपोआप राख होतात, ब्रशनं झाडले की पुरतं. बाहेरच्या एनॅमलवर मात्र चिंचेचा कोळ, लिंबू किंवा दूध सांडलं तर तेव्हाच पुसा, नाहीतर डाग कायमचा.

७. फुकटची ऊब वापरा

बर्नर जळतोच आहे, तर दह्याचं विरजण आणि इडलीचं पीठ झाकणांमागच्या पट्टीवर, खाली घडी घातलेला टॉवेल देऊन ठेवा. जानेवारीतही पीठ दुप्पट होतं. पुढच्या दांडीवर ओले मोजे रात्रीत वाळतात.

८. देखभाल

आमची आगा हीटिंग ऑइलवर, म्हणजे जवळजवळ रॉकेलवर, चालते. तेलाचा बर्नर दर सहा महिन्यांनी साफ करून घ्यावा लागतो, गॅसवाल्यांना वर्षातून एकदा पुरतं. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तेलाचं बिल बघून पोटात गोळा येतो. आम्ही जूनमध्ये चूल बंद करतो आणि सप्टेंबरपर्यंत विजेच्या शेगडीवर भागवतो. मेकॅनिक यायचा असेल तेव्हा आदल्या संध्याकाळीच बंद करा, एवढं बीड निवायला रात्र लागते. पुन्हा पेटवल्यावर काटा रेघेवर यायला जवळजवळ अख्खा दिवस जातो. त्या दिवशी आमच्याकडे दहीपोहे.