डेअरीला वर्षभर सारखं दूध कसं घालायचं

दोन-चार गायी-म्हशी घेऊन नुकतंच डेअरीला दूध घालायला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. जास्त दूध काढायच्या मागे सगळेच लागतात, पण खरी किंमत सातत्याला आहे. आज वीस लिटर, उद्या बारा, परवा खाडा असं चाललं की जनावर बिघडतं आणि अडीनडीला उचल मागायला गेलं की डेअरीचा सेक्रेटरी पण का-कू करतो.

आधी धारेची वेळ बांधा. पहाटे 5 तर संध्याकाळी पण 5, मग घरात लग्न असो नाहीतर गावची जत्रा. अंतर कमीजास्त झालं की जास्त अंतराच्या धारेला दूध भरपूर निघतं पण फॅट कमी लागते आणि मग लोक फॅट मोजायच्या मशीनला नावं ठेवत बसतात. धार काढणारा माणूसही शक्यतो तोच ठेवा, जनावराला हात ओळखीचा लागतो. कास धुऊन चोळली की गाय पान्हा सोडते, तो टिकतो जेमतेम 5-7 मिनिटं, तेवढ्यात सगळी धार काढून मोकळं व्हायचं, फोन वाजला म्हणून मधेच उठायचं नाही, कारण शेवटच्या दुधातच फॅट सगळ्यात जास्त असते, ते कासेत राहिलं तर पैसे गेले आणि वर मस्टायटिसची, म्हणजे कास सुजायच्या रोगाची भीती.

खाण्याचंही तसंच. कुठे स्वस्तात पेंड मिळाली म्हणून एका दिवसात बदलू नका. पोटातले जंतू जुन्या खाण्याला सरावलेले असतात, म्हणून जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत 8-10 दिवसांत पूर्ण बदल करा. उन्हाळ्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि कडबा हिरवी वैरण असतानाच भरून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक जण कमी पडतात. सगळी जनावरं एकदम भरवली, म्हणजे गाभण केली, की सगळी एकदम आटतात, दूध बंद होतं. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण असते, विण्याआधी 2 महिने आटवायची, हे धरून उलटा हिशेब करा, म्हणजे एक आटेल तेव्हा दुसरी विलेली असेल. उन्हाळ्यात दूध संघाकडे दूध कमी येतं, तेव्हा तुमचा कॅन रोज वेळेवर आला की लक्षात राहतो. भरवल्याची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लगेच लिहा, डोक्यात ठेवू नका.

दूध कमी येणार असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून या. विल्यावर पहिले 4-5 दिवस चीक निघतो, तो कॅनमध्ये नको. अँटिबायोटिक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या जनावराचं दूध वेगळं काढून ओतून द्या, डेअरीचं दहा दिवसांचं बिल त्या वेळी कमी आलं तरी चालेल.